सातवा दिवस, पायी

सहलवाल्यांच्या पत्रकात अजून सुट्टीच आहे.
आज सातवा दिवस: लिस्बन, पायी, आपापलं.
विमानवाल्यांच्या संपापायी आम्हाला
एक दिवस आधीच गुंडाळून पाठवलं
आणि पहाटे चारला नौपाड्यात आणून टाकलं.
कुंड्यांना पाणी घालणाऱ्या सरदेसाईबाईंच्या हिशेबी
मी उद्या येणार आहे.

नऊला चरईतून फिलोमिनाचा फोन.
"उठलीस का गो? आपला सातवा दिवस कोण खानार?
पैसे भरलेत. बूट घाल."

घातले. तळव्यांच्या खाचांत तिथल्या चढांची
पांढरी माती होती.
गळ्यात सवयीनं पासपोर्टची कापडी थैली,
आत नुसती घराची किल्ली.

जांभळी नाक्यावर तिनं एक पडवळ घेतलं,
तलावपाळीपर्यंत ते डोक्यावर उंच धरून चालली,
तिथली गाइड मुलगी मिटलेली छत्री धरायची तसं.
"मंडळी," ती म्हणाली (मंडळी म्हणजे मी),
"हे आमचं चर्च. माझा बाप्तिस्मा हितंच, लगीनही हितंच,
आन जोजफला शेवटचं आणला तोही हितंच.
तिकीट नाय."
आत गेली, लगेच बाहेर आली.
तिथे मात्र प्रत्येक चर्चमध्ये
इतका वेळ गुडघे टेकून बसायची
की बस आमच्यासाठी थांबायची.

मग किल्ला.
तिथल्या किल्ल्यात पंधरा युरो देऊन
आम्ही तटावरचे मोर पाहिले होते.
इथला किल्ला कधीचाच तुरुंग झालेला.
दारावरच्या शिपायाला फिलूनं विचारलं,
आत बघायचं असलं तर?
तो म्हणाला, मावशी, आधी बाहेर काहीतरी करावं लागेल.
पुढच्या कोपऱ्यापर्यंत आम्ही हसत होतो,
आणि कोपऱ्यावर
टेंभी नाक्याचं आमचं हॉस्पिटल नव्हतं.

माहीत होतं. पेपरात वाचलं होतं.
नवं होणार, मोठं, मजल्यांवर मजले.
तरी इतकं आकाश तिथे
बरं दिसत नव्हतं.
चौफेर पत्रे, निळे, एकाला एक लावलेले,
अल्फामातल्या भिंतींवरच्या फरशा असतात तसे,
फक्त जहाजं नाहीत, फुलं नाहीत,
थुंकू नये एवढं लिहिलेलं.

लिस्बनला एक छप्पर नसलेलं चर्च आहे.
भूकंपात गेलं, तसंच ठेवलंय,
कमानींवर नुसतं ऊन.
तिकीट काढून बघतात लोक, हळू बोलतात.
फिलू तिथे म्हणाली होती, पडलेलं काय बघायचं?

आता तीच पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभी,
पडवळ काखेत.
"डावीकडं लेबर वॉर्ड," तिनं सांगितलं. आवाज गाइडचा नव्हता.
"तो खड्डा दिसतो, तिथं जिना.
जिन्याखाली आपली पेटी, चहाची."
मला खड्डा दिसला, पाणी साचलेलं, एक जेसीबी.
एकतीस वर्षं रात्रपाळीला
त्या जिन्यावरून मी धावत चढले
आणि एकदाही वर मान करून
छप्पर कसं आहे ते पाहिलं नाही.

एका पोराला म्हटलं, फोटो काढ रे आमचा.
तो म्हणाला, मागे काय घेऊ?
पत्रे घे, म्हटलं.

खाडीपर्यंत जायचं होतं, कळव्याच्या पुलाकडे.
तिथली नदी समुद्राला मिळण्याआधी
अशीच रुंद होऊन थबकते, असं मला वाटत होतं,
ताडून बघायचं होतं.
पण फिलूचा गुडघा म्हणाला, नाय.
वाटेतच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.
तिनं पिशवीतून पुठ्ठ्याचा डबा काढला:
अंड्याच्या त्या गोड वाट्या, दोन,
सामानात चेपून एकच झालेल्या.
निम्मी निम्मी केली.
दालचिनीचा वास आणि गटाराचा.
पडवळ रात्री भाजीला मी नेलं.

जिन्यात सरदेसाईबाई, हातात पाण्याचा तांब्या.
"अहो! तुम्ही उद्या येणार होता ना?"

उद्याच येणार आहे, मी म्हटलं,
आणि त्यांच्या हातून तांब्या न घेता
वर गेले.